अल्पवयी व्यापारी आणि त्यांची पत

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक अंकांतून कर्तबगार व्यापाऱ्यांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे आणि तो योग्यही आहे. ही चरित्रे ओळीने वाचू लागले म्हणजे मात्र एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. चरित्रनायकाने अमुक वयात डोक्यावर पाटी घेऊन माल विकला आणि पुढे केवळ स्वतःच्या हिमतीवर पेढी उभारली, असा मजकूर बहुतेक ठिकाणी दोन-तीन वाक्यांत उरकलेला असतो. त्या पाटीत पहिल्या दिवशी माल कोणी घातला? त्याचे पैसे रोख मोजले की मागाहून? न खपलेला माल परत घेण्याची बोली होती काय? तोटा आला तो कोणाच्या अंगावर पडला? याविषयी चरित्रकार मौन पाळतात. दुकानाच्या पायरीवर लहानाचे मोठे झालेल्या वाचकाला हे प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाहीत. धंदा मालाने सुरू होतो आणि माल रोखीने मिळतो किंवा उधारीने. मुलाजवळ रोख नसते, आणि उधारीला पत लागते. तेव्हा दहा-पंधरा वर्षांच्या पोराची पत कोणी आणि का मानली, हा बालवयातील व्यापाराच्या इतिहासातला मुख्य प्रश्न होय.

या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे, ती प्रथम पाहू. आपल्याकडे कराराचा कायदा १८७२ साली आला आणि सज्ञानतेचे वय अठरा ठरविणारा कायदा १८७५ साली. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द समजावयाचा, की अज्ञानाची इच्छा असल्यास तो रद्द करता यावयाचा, याविषयी न्यायालयांत बरीच वर्षे मतभेद होता. कलकत्त्याच्या एका अल्पवयी तरुणाने आपली मालमत्ता वीस हजार रुपयांसाठी गहाण लिहून दिली होती. ‘मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष’ या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली निकाल दिला की अज्ञानाचा करार हा करारच नव्हे. सावकाराने उचल म्हणून दिलेली रक्कमही त्याला परत मिळाली नाही. इंग्लंड-अमेरिकेतील कायदादेखील थोड्याफार फरकाने मुलाच्याच बाजूचा आहे. अन्नवस्त्रासारख्या गरजेच्या वस्तूंचा काय तो अपवाद.

कायद्याचा हेतू उत्तम आहे. लबाडांच्या तावडीतून कोवळ्या वयाचे रक्षण व्हावे हा. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ असा होतो की, एखादा दुकानदार शेजारच्या मुलाला शंभर पतंग उधार देतो, तेव्हा त्या उधारीला कागदाचा, जामिनाचा वा कोर्टाचा कसलाच आधार नसतो. मुलाने पैसे आणून दिले तर दिले. मोठ्या माणसाला उधार देताना व्यापारी त्याचे घर पाहतो, शेत पाहतो. मुलाला उधार देताना त्याला त्या मुलाकडेच पाहावे लागते.

या दृष्टीने ज्याच्या बालपणीच्या व्यापाराची हकीकत बारकाव्यांसह उपलब्ध आहे असा एक पुरुष म्हणजे अमेरिकेतील थॉमस आल्वा एडिसन. आपण त्याला विजेच्या दिव्यामुळे आणि फोनोग्राफमुळे ओळखतो. पण दिव्याच्या कितीतरी आधी त्याने भाजी विकली आहे. साठी उलटल्यावर त्याने आपल्या आठवणी टिपून दिल्या आणि १९१० साली निघालेल्या त्याच्या चरित्रात त्या त्याच्याच शब्दांत छापल्या गेल्या. थोर माणूस स्वतःचे बालपण सांगू लागला म्हणजे थोडे तिखटमीठ गृहीत धरावे लागते. तथापि ज्या तपशिलांनी त्याचा मोठेपणा वाढत नाही, उलट दुसऱ्याचे उपकार उघड होतात, ते त्याने पदरचे घातले असतील असे मानण्याचे कारण दिसत नाही.

एडिसनचा जन्म १८४७ चा. शाळेत तो काही महिनेच टिकला. पुढचे शिक्षण आईने घरी केले. १८५९ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या सुमारे साठ मैलांच्या मार्गावर ग्रँड ट्रंक रेल्वेच्या गाडीत वर्तमानपत्रे व गोळ्या-मिठाई विकण्याचे काम त्याने मिळविले. सकाळी सातला गाडी सुटे आणि रात्री साडेनऊला तो घरी परते. काही महिन्यांतच या पोराने पोर्ट ह्यूरन गावात दोन दुकाने काढली, एक नियतकालिकांचे आणि दुसरे भाजी, लोणी व हंगामातील फळांचे. दोहोंवर दोन मुले बसविली आणि त्यांना पगार न ठरविता नफ्यात वाटा दिला. यांपैकी पहिले दुकान लवकरच बंद करावे लागले. कारण एडिसनने एका वाक्यात दिले आहे: त्या दुकानावरचा मुलगा भरवशाचा नव्हता. भाजीचे दुकान मात्र जवळजवळ वर्षभर चालले. तेराव्या वर्षी ज्याला भागीदाराची पारख चुकण्याचा अनुभव येतो आणि एक दुकान मोडून दुसरे राखण्याचा निर्णय घ्यावा लागतो, त्याचे व्यापारी शिक्षण कोणत्या इयत्तेत होते ते वाचकांनीच ठरवावे.

भाजीच्या दुकानाचे मर्म वाहतुकीत होते. डेट्रॉइटच्या बाजारातील भाजी गावच्या भाजीपेक्षा सरस असे. पुढे त्या मार्गावर एक जलद गाडी सुरू झाली, तिच्यावरही आपला एक मुलगा विक्रीसाठी ठेवण्याची परवानगी एडिसनने मिळविली. तिच्या एका डब्याचा अर्धा भाग टपालासाठी राखलेला होता, पण पुष्कळ दिवस तो वापरात नव्हता. एडिसन रोज सकाळी दोन मोठ्या टोपल्या भाजी त्या डब्यात चढवी आणि पोर्ट ह्यूरनला त्याचा मुलगा त्या उतरवून घेई. या मालाचे भाडे त्याच्याकडे कोणी कधी मागितले नाही. का मागितले नाही, याचा उलगडा आपल्याला अखेरपर्यंत झाला नाही, असे तो म्हणतो. आपण अगदी लहान व कष्टाळू होतो आणि सरकारी टपालाचा डबा फुकट वापरण्याचे आपले धाडस अफाट होते, एवढेच कारण त्याला सुचते. पण पुढल्याच वाक्यात तो सहज सांगून जातो की, वाटेवरच्या शेतकऱ्यांकडून आपण लोणी आणि फळे घाऊक भावाने घेत असू व इंजिन ड्रायव्हरांच्या आणि इतर रेल्वे नोकरांच्या बायकांना ती त्याच सवलतीच्या दराने देत असू. व्यापारी वाचकाला यापुढे उलगड्याची जरुरी वाटू नये! ज्यांच्या घरी स्वस्त लोणी पोहोचत होते, ते टोपलीचे भाडे कशाला मागतील? तरीही हा केवळ देण्याघेण्याचा मामला नव्हता. मनात आणले असते तर कोणाही गार्डाला त्या टोपल्या फलाटावर उतरवून ठेवता आल्या असत्या. तसे कोणी केले नाही, आणि त्यामुळे मालावरचा सर्वात मोठा खर्च वर्षभर वाचला. एडिसनच्या हिमतीच्या गोष्टीत त्या अनामिक रेल्वे नोकरांचा हिस्सा धरला पाहिजे.

पतीची खरी परीक्षा झाली ती १८६२ च्या एप्रिलमध्ये. अमेरिकेतील यादवी युद्ध चालू होते. ६ व ७ एप्रिलला शायलो येथे भयंकर लढाई झाली आणि मृत व जखमींचा आकडा साठ हजारांवर गेल्याची वार्ता डेट्रॉइटला येऊन थडकली. (प्रत्यक्ष आकडा दोन्ही पक्ष मिळून चोवीस हजारांच्या आत होता, पण तो मागाहून कळला.) वृत्तपत्राच्या फलकापुढे लोटलेली गर्दी पाहून पंधरा वर्षांच्या एडिसनने ओळखले की वाटेवरच्या प्रत्येक स्टेशनात हीच स्थिती होईल, मात्र तेथे बातमी पोहोचली पाहिजे. त्याने तारमास्तरला गाठले व पुढच्या स्टेशनांना तारेने वार्ता कळवून ती फळ्यावर लिहून ठेवण्याची विनंती केली. मोबदला म्हणून काही महिने मासिके व सायंपत्र फुकट पोहोचविण्याचे कबूल केले.

एरवी तो शंभर प्रती घेई. आज हजार खपतील असा त्याचा अंदाज होता आणि खिशात पैसे होते तीनशे प्रतींचे. तो सरळ ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’च्या संपादकीय कचेरीत शिरला. आत दोघे गृहस्थ बसले होते. मुलाने तारेची हकीकत सांगितली व सातशे प्रती उधार मागितल्या. एकाने साफ नकार दिला. दुसरा म्हणाला, देऊन टाका. हा दुसरा म्हणजे विल्बर स्टोरी, असे एडिसन सांगतो. पुढे शिकागोतील वृत्तपत्रामुळे तो गाजला, हे एडिसनला मागाहून समजले.

पुढील भाग पुष्कळांना ठाऊक असेल. यूटिका या पहिल्या लहान स्टेशनावर रोज दोन अंक खपत, तेथे पस्तीस खपले. माउंट क्लेमेन्सला गर्दी पाहून त्याने पाच सेंटांची किंमत दहा केली. पोर्ट ह्यूरनला पोहोचेपर्यंत ती पंचवीस सेंटांवर गेली होती, आणि लोकांनी ती दिली. ज्यांची मुले रणांगणावर होती त्यांच्याकडून पाचपट दाम घेणे कितपत शोभले, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे टंचाईत धान्याचा भाव चढविणाऱ्या वाण्याला लोक काय म्हणतात ते सर्वश्रुत आहे. एडिसनने या गोष्टीची खंत व्यक्त केलेली नाही; तो तारायंत्राची महती सांगण्यात रंगून जातो. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या कचेरीतले अर्धे मिनिट. एकाच मुलाची तीच हकीकत दोघांनी ऐकली. दोघांपुढेही तारण नव्हते. त्या दुसऱ्याने पाहिले ते असे की, मुलाने मागणी करण्याआधी आपल्या हातचे काम पुरे केले होते. तारा गेल्या होत्या, गिऱ्हाईक फलाटावर जमू लागले होते. नुसती आशा घेऊन आलेला मुलगा आणि तयारी करून आलेला मुलगा यांतला हा भेद ज्याला दिसला त्याने उधार दिले.

त्याच वर्षी एडिसनने जुने लहानसे छापयंत्र घेऊन धावत्या गाडीत एक साप्ताहिक छापावयास आरंभ केला. महिन्याची वर्गणी आठ सेंट. वर्गणीदार चारशेच्या घरात. पुढे त्याच डब्यात त्याच्या रसायनांपैकी फॉस्फरसची कांडी पडून आग लागली आणि गार्डने त्याला यंत्रासह खाली उतरविले. येथे त्या गार्डला खलनायक ठरविण्याची चाल आहे. परंतु लाकडी डब्यात आग पाहिल्यावर याहून वेगळे कोणी काय केले असते?

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात देतो, कारण त्यांतून वडीलधाऱ्यांच्या मदतीचे स्वरूप फार स्पष्ट होते. स्वीडनमधील इंगवार काम्प्राड (१९२६ ते २०१८) याने सतराव्या वर्षी, १९४३ साली, ‘आयकिया’ ही पेढी काढली. ती पुढे फर्निचरच्या धंद्यात जगभर पसरली. त्याचा पहिला व्यापार पाचव्या वर्षाचा. त्याच्या आत्याने स्टॉकहोममधील एका स्वस्त बाजारातून काड्यापेट्यांचा शंभराचा गठ्ठा त्याला मिळवून दिला. सबंध गठ्ठ्याची किंमत ८८ ओर, म्हणजे एका पेटीला एक ओरही पडत नव्हता. मुलाने खेड्यात त्या दोन-तीन ओरला एक अशा विकल्या. आत्याने टपालखर्च घेतला नाही, याचा उल्लेख त्याने वृद्धपणीही आवर्जून केला आहे. आत्याने टपाल सोडले, पण काड्यापेट्यांची किंमत ८८ ओर होती हे त्या पाच वर्षांच्या मुलाला माहीत होते. पुढे पेढी नोंदविण्याच्या वेळी तो अज्ञान असल्याने पालकाची संमती घ्यावी लागली, तीही मिळाली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वॉरन बफे यांचे. त्यांचा जन्म १९३० चा. ओमाहा शहरी त्यांच्या आजोबांचे वाणसामानाचे दुकान होते. सहा-सात वर्षांचा नातू तेथून कोकाकोलाच्या सहा बाटल्या पंचवीस सेंटांना घेई आणि दारोदार एकेक पाच सेंटांना विकी. सहा बाटल्यांमागे नफा पाच सेंट. आजोबांचे दुकान भरलेले होते, त्यांना सहा बाटल्या फुकट देणे जड नव्हते. फुकट दिल्या असत्या तर मुलाला तीस सेंट मिळाले असते आणि नफा म्हणजे काय ते कळले नसते. आपल्याकडील पुष्कळ प्रेमळ आजोबा या ठिकाणी चुकतात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आता स्वदेशाकडे वळू. सर जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १७८३ चा. १७९९ साली आईबाप निवर्तल्यावर ते मुंबईस मामांकडे आले. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. त्यावरून बाटलीवाला हे आडनाव. तेथेच भाच्याने जमाखर्चाचे पहिले धडे घेतले, आणि त्याच सुमारास, विशी लागण्यापूर्वी, चीनची पहिली सफर केली. त्यांच्या पुढील संपत्तीत कापसाबरोबर अफूचाही वाटा होता, हे सांगितले पाहिजे. त्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा निघाली, तिच्यात १८८५ च्या सुमारास बेळगावकडचा एक सोळा वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. काही रंग ओळखू येत नाहीत असे आढळल्यामुळे त्याला चित्रकला सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळावे लागले. हे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ साली, वय वर्षे एकोणीस असताना, त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवावयाच्या आणि रामूअण्णांनी त्या विकावयाच्या, इतकेच नव्हे तर गिऱ्हाइकाला चालवावयास शिकवावयाच्याही. नांगराचा व पंपांचा कारखानदार सर्वांना आठवतो. भर बाजारात कोणा वकिलाला वा अंमलदाराला सायकलवर तोल धरावयास शिकविणारे रामूअण्णा क्वचितच कोणाला आठवतात.

व्यापारी ज्ञातींमध्ये मुलाला पत देण्याची एक रूढ पद्धत होती. मुलगा प्रथम उमेदवार म्हणून गादीच्या कडेला बसे. मोडी वाचावयास शिके. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत करी. रोजकीर्दीवरून खतावणीत नोंदी उतरवी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामागून दशमान वजनेमापे आली, आणि या कोष्टकांचे व्यवहारातले काम संपले. त्यांच्याबरोबर मुलाचे गादीवर बसणेही हळूहळू संपले. हे वाईटच झाले असे म्हणवत नाही, कारण या पद्धतीची दुसरी बाजूही होती. महात्मा जोतीराव फुले यांचे वडील भाजी व फुलांचा व्यवसाय करीत. मुलगा हाताशी हवा म्हणून त्यांनी जोतीरावांना शाळेतून काढले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. तसे झाले नसते तर पुण्याला आणखी एक भाजीविक्रेता लाभला असता, आणि महाराष्ट्राने काय गमावले असते ते सांगावयास नको. मुलाच्या हाती पाटी देणारे सगळेच त्याला पत देत नसतात; कित्येक त्याचे केवळ श्रम घेत असतात. नफ्यातोट्याचा हिशेब मुलाच्या नावे आहे की मालकाच्या, यावर तो भेद ठरतो. २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. धोक्याचा नसलेल्या घरच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळी व सुटीत मदत करण्यापुरती मोकळीक ठेवली आहे. वडीलमंडळींनी ही मर्यादा नीट समजून घ्यावी.

मुलींविषयी एक शब्द. वर आलेल्या हकीकतींत स्त्रिया आहेत त्या आत्या, आई आणि स्वस्त लोणी घेणाऱ्या गृहिणी. एकही मुलगी विक्रेती म्हणून येत नाही. मुली विकत नव्हत्या असा याचा अर्थ नाही. फुलांच्या माळा, वाती, पापड, शेवया यांचा पैसा कित्येक घरांत मुलींच्या हातून आला असेल. पण तो स्वयंपाकघरातल्या डब्यात गेला, वहीत चढला नाही.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांची दुकाने गेल्या दोन पिढ्यांत बंद झाली. मुले शिकली, नोकऱ्यांवर गेली, परदेशी गेली. त्याचा आनंदच आहे. वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके दिली जातात, तीही दिली जावोत. परंतु दुकाने गेली तशा त्यांच्या वह्याही जात आहेत. माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या घर पाडताना रद्दीच्या भावाने विकल्या जातात, कारण त्या मोडीत असतात आणि घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसते. त्या वह्यांत नोंदीपुढे ‘हस्ते’ किंवा ‘गुजारत’ असे लिहून माल वा पैसा ज्याच्या हातून आला-गेला त्याचे नाव घालण्याची रीत असे. लहान मुलगा वहीत प्रथम येतो तो असा, बापाच्या खात्यात, दुसऱ्याच्या देण्याघेण्याचा हात म्हणून. पुढे एखाद्या दिवाळीला नव्या वहीत त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते निघते. दोन-चार रुपयांचे फटाके, पतंग किंवा राख्या नावे पडलेल्या असतात आणि समोर जमेच्या बाजूला तीच रक्कम हप्त्याहप्त्याने येते. ज्यांच्या घरी अशा वह्या शिल्लक असतील त्यांनी मोडी जाणणाऱ्याकडून त्या तारखा काढवून घ्याव्यात, आणि खाते उघडणाऱ्या दुकानदाराचे नाव असेल तर तेही उतरवून ठेवावे.